राखणीचा टाका

दादांच्या मते रॉकेट म्हणजे सरळसरळ बस होती. आणि बसबद्दल त्यांच्यापुढे कोणी शहाणपणा करायचा नाही, कारण गेली सव्वीस वर्षं ते बसच चालवत होते. एकोणसाठ उतारू, प्रत्येकाचा थांबा ठरलेला, दार उघडायचं, उतारू सोडायचा, पुढे निघायचं. यात टीव्हीवर दाखवण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळत नव्हतं. तरी ते रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून टीव्हीसमोर बसले होते.

टीव्ही त्या दिवशी पुढच्या खोलीत आणला होता. पुढची खोली म्हणजे वहिनींचं शिवणाचं दुकान. दोन मशिनी, कापड बेतायचं लांब टेबल, खिळ्याला टांगलेले कागदी साचे, आणि जमिनीवर चिंध्यांचा असा सडा की मांजरही पाय उचलून चालेल. वहिनी म्हणजे दादांच्या बायको. पण धाकटा दीर वहिनी म्हणायचा, म्हणून त्याचे विद्यार्थी म्हणू लागले, मग गिऱ्हाइकं, आणि आता पोस्टमनसुद्धा वहिनी म्हणूनच हाक मारायचा. एका नाटकमंडळीचे बावीस कोट त्यांना दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. रॉकेट उडालं काय, न उडालं काय, बाह्यांची तुरपाई कोणी वरून उतरून करणार नव्हतं. म्हणून वहिनी टीव्हीकडे गेल्या नाहीत, टीव्हीच त्यांच्याकडे आला.

त्या एकोणसाठ उतारूंत एक घरचा होता. वहिनींचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, तंत्र महाविद्यालयात शिकवायचे. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तीन वर्षं खपून एक उपग्रह बनवला होता. उपग्रह म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसं भलंमोठं काही नाही. साखरेच्या डब्याहून लहान, वीतभरसुद्धा नाही. कागदोपत्री त्याला ओळभर लांब नाव होतं. घरात त्याला डबी म्हणत. एवढ्याशा जिवासाठी आख्खं रॉकेट कोण सोडणार? म्हणून आणखी अठ्ठावन्न जणांबरोबर एकाच रॉकेटमध्ये तिला कोपऱ्यातली जागा मिळाली होती.

आणि डबीच्या अंगावर वहिनींच्या हातची एक गाठ होती.

ती अशी. डबीला बोलायचं तर अँटेना म्हणून चार पोलादी पट्ट्या लागतात, सुताराच्या मोजपट्टीसारख्या, दुमडल्या तरी ताठ होऊ बघणाऱ्या. जाताना त्या डबीभोवती गुंडाळून पारदर्शक नायलॉनच्या धाग्यानं बांधायच्या. धाग्याखाली केसाएवढी बारीक तार. वर पोचल्यावर तार सात सेकंद तापते, धागा वितळतो, पट्ट्या फटकन उघडतात, आणि डबीला वाचा फुटते. सगळं छान जमलं होतं, फक्त रॉकेटचे हादरे तपासायच्या थरथरत्या टेबलावर विद्यार्थ्यांच्या गाठी सुटायच्या. चौथ्यांदा सुटली तेव्हा भाऊजी घरी येऊन म्हणाले, वहिनी, आम्हा सगळ्यांच्या पदव्या एकीकडे ठेवा आणि तुम्ही चला. वहिनी अंगुस्ताना घेऊन गेल्या. पांढरा कोट, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी. इतक्या नटवल्यावर पेशंट कुठे आहे, असं त्यांनी विचारलं म्हणे. त्यांच्या गाठी टेबलानं तासभर हलवून पाहिल्या, तार तापवून पाहिल्या. हलवताना सुटल्या नाहीत, तापवताना अडल्या नाहीत. मग पाठवायच्या दिवशी शेवटची गाठ त्यांनीच मारली. तिची परीक्षा मात्र वर गेल्यावरच व्हायची होती.

बाराला रॉकेट उडालं. दादांनी चालकाला मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले. गिअर बदलताना धक्का बसला नाही म्हणाले. पुढचा तासभर नुसता निळा गोल आणि काळोख. मग एकेक दार उघडू लागलं.

भाऊजी बेतायच्या टेबलाच्या कडेवर बसले होते. एरवी तिथे बसण्याची कोणाची हिंमत नव्हती. हातात यादी, कानावर पेन्सिल. टीव्हीतली निवेदिका एकेकाचं नाव घेई, ते खूण करत. कोणी कपाटाएवढा, कोणी बुटाच्या खोक्याएवढा. कपाट बाहेर पडलं की दादा म्हणत, सामान जास्त आहे याचं, जादा तिकीट काढायला हवं होतं. छत्तीस उतरले. सदतीस उतरले. भाऊजींच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. वहिनींनी सुईवरून नजर न उचलता सांगितलं, की नोकरीच्या मुलाखतीला जाताना हाच शर्ट होता, तेव्हा नव्हता हो एवढा भिजला. भाऊजी म्हणाले, तेव्हा नोकरी मिळणार नाही याची खात्री होती.

एक्केचाळिसावं दार उघडलं. काळा चौकोनी ठिपका उडी मारून बाहेर आला, एका बाजूनं उन्हात चमकला, आणि गेला. झालं. तीन वर्षं, आणि पापणी लवण्याएवढं दर्शन.

भाऊजींना यादीवर खूण करता येईना. दादांनी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली, खूण केली, पेन्सिल परत कानावर ठेवली, आणि घसा साफ करून म्हणाले की चालकानं ब्रेकसुद्धा न दाबता उतरवला बरं का, हे आपल्याला पटलेलं नाही.

नेमका त्याच वेळी वहिनींचा एका बाहीचा शेवटचा टाका आला. त्यांनी गाठ मारली. आणि गाठ मारून झाल्यावर हात आपणहून पुढे गेला, सुई कापडाखालून फिरली, गाठीच्या डावीकडून वर आली, आणि आणखी एक फेरा घालून तिथे घट्ट बसली.

वहिनी त्या फेऱ्याकडे बघत राहिल्या.

तो त्यांच्या मावशीचा टाका. मावशीनंच त्यांना शिवण शिकवलं. मावशी म्हणायची, गाठ एकटी ठेवू नये, एकटी गाठ घाबरते. आणि सुई ओढता ओढता गुणगुणायची:

*गाठीला गाठ जोड, नको एकटी राहू देऊ*
*दूर जाणाऱ्याचं वस्त्र, नको वाऱ्यानं उडू देऊ*

राखणीचा टाका. तीस वर्षांत वहिनींनी तो घातला नाही असं एक वस्त्र गावात नव्हतं. घालायचा असं ठरवून तो घातला जातच नसे. श्वास घ्यायचा असं ठरवून कोणी घेतं का? डबीवर चाचणीच्या गाठी मारताना वहिनी भेदरलेल्या होत्या, नजर गाठीवर रोखलेली, म्हणून गाठ एकेरी पडली. पण शेवटच्या दिवशी? शेवटच्या दिवशी त्या सरावल्या होत्या. आणि हाताला फेरा घेतल्याचं जे पुसट आठवत होतं, ते कोटाचं की डबीचं?

तार एकाच जागी तापते. गाठ वितळेल. फेरा दुसरीकडे असेल तर तो का वितळावा? तो राखण करत बसेल, इमानानं. पट्ट्या उघडणार नाहीत. डबी बोलणार नाही.

खोलीत पेढ्यासारखा गोड आवाज करून भाऊजी कोणाकोणाशी फोनवर बोलत होते. मध्येच त्यांचं लक्ष गेलं. वहिनी गप्प आहेत म्हणजे आकाशातच काहीतरी बिघडलंय, असं ते म्हणाले. वहिनींनी सुई टोचली म्हणून सांगितलं. अंगुस्ताना घातलेल्या बोटाला सुई कशी टोचते, हे विचारण्याइतकं भान त्या दिवशी कोणाला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला डबी पहिल्यांदा गावावरून जाणार होती. नाटकमंडळीचे कोट पोचवून वहिनी परस्पर महाविद्यालयात गेल्या. बोलावलं नव्हतं, म्हणून एक पांढरा कोट बटण लावायला घरी आणला होता तो परत द्यायचं निमित्त काढलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, चार स्टुलं, दोन संगणक, आणि रेडिओपुढे भाऊजींची विद्यार्थिनी, चष्मेवाली. तिचा चष्मा सतत नाकाच्या शेंड्यावर असे, आणि ती जगाकडे चष्म्यावरूनच बघे. गच्चीवरचा मोठा अँटेना हळूहळू मान वळवत असल्याचा आवाज छतातून येत होता.

डबी गावावर नऊ मिनिटं असणार. पहिली चार मिनिटं नुसती खरखर. पाचव्या मिनिटाला चष्मेवालीनं हात वर केला. खरखरीच्या तळाशी काहीतरी होतं, चिमणीनं काचेवर चोच मारावी इतकं बारीक. टक. टक. टक. मग तेही गेलं.

ती जिवंत आहे, भाऊजी म्हणाले. मग पुढचं वाक्य त्यांनी खिडकीकडे तोंड करून सांगितलं: पट्ट्या उघडलेल्या नाहीत. तार तीनदा तापून झाली असणार, तिला तेवढंच शिकवलंय. आता ती अशीच तोंड बांधून फिरत राहील. एवढ्याशा आवाजात तिचं एकही माप खाली येणार नाही.

चष्मेवालीनं चष्मा काढला. तार तिनं डाग देऊन जोडली होती. डाग कच्चा राहिला असेल, माझंच चुकलं असेल, असं ती म्हणू लागली. भाऊजी तिला समजावू लागले, की बॅटरी गारठली असेल, कोणाचं चुकलं हे इतक्यात कसं कळणार. ती ऐकेना. तीन वर्षांचं रडू एका स्टुलावर मावत नव्हतं.

वहिनींच्या हातात तो कोट होता. त्यांनी त्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"तिचा डाग पक्का आहे," त्या म्हणाल्या. "माझा टाका जास्तीचा आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मावशी, बाही, फेरा. सांगताना आवाज इतका खाली गेला की शेवटचं चष्मेवालीला ओठांवरूनच वाचावं लागलं. भाऊजींनी संगणकावर शेवटच्या दिवसाचा फोटो उघडला आणि तिघं त्यात डोकी घालून बसली. पण पारदर्शक धागा फोटोत दिसतो थोडाच. फोटोत दिसत होती ती वहिनींची बोटं, आणि टोपीखालून सुटलेली एक बट.

"रागवा ना भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"रागावतो," भाऊजी म्हणाले. "पण आधी सांगा, फेरा कुठून कुठे गेलाय?"

कारण, ते म्हणाले, बांधलेल्या तोंडानंही डबीला थोडं ऐकू येतं. तारेला जास्त वेळ ताप असं तिला सांगता येईल. मग ताप पसरत पसरत फेऱ्यापर्यंत जाईल. पण किती वेळ? कमी पडला तर फेरा हलणार नाही, जास्त झाला तर एवढीशी बॅटरी, तिचाच जीव जायचा. फेरा तारेपासून किती दूर आहे, त्यावर सगळं. आणि ते जगात एकाच माणसाला माहीत आहे.

त्या माणसाला माहीत नव्हतं. हाताला माहीत होतं.

कपाटात डबीची जुळी बहीण होती. अशा कामात एक वर पाठवायची आणि एक खाली ठेवायची, म्हणजे वरचीला काय होतंय ते खालचीवर करून बघता येतं. जुळी टेबलावर आली. वहिनींनी पट्ट्या गुंडाळल्या, धागा घेतला, गाठ मारली. एकेरी. स्वच्छ. पुस्तकात छापावी अशी. सोडली, परत मारली. एकेरी. पाचदा मारली. हात नुसते शहाण्यासारखे वागत होते. मुद्दाम फेरा घालू गेल्या तर तो एकदा उजवीकडून आला, एकदा वरून, एकदा आलाच नाही. कपाळावर घाम आला.

सहाव्या वेळी भाऊजींनी चष्मेवालीला काहीतरी खुणावलं आणि दादांना फोन लावला. दादा आगारातच होते, दोन फेऱ्यांच्या मध्ये. वीस मिनिटांत खाकी शर्टातच वर आले, जिन्यानं धापा टाकत. भाऊजींनी त्यांना दारातच बाजूला घेऊन कानात काही सांगितलं. दादांचा चेहरा असा उजळला, जणू कोणी त्यांना जन्मात पहिल्यांदा त्यांच्या आवडीचं काम दिलं.

ते वहिनींसमोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, चुकायचंच म्हटलं तर नवल काय, माझ्या सदऱ्याचा खिसा नाही का आतून शिवला होता. वहिनी धागा हातात घेत म्हणाल्या, तो खिसा आतून हवा असं कोण म्हणालं होतं, पाकीट मारतात म्हणून? दादा म्हणाले, मी म्हणालो होतो आतून, उलटा नव्हे. भाऊजींनी तेल ओतलं: आणि माझी विजार? एक पाय लांब. वहिनींनी पट्टी दाबून धरली आणि ठणकावलं की विजार बरोबर आहे, तुमचाच एक पाय आखूड आहे, मोजमाप वहीत लिहून ठेवलंय, दाखवू का या मुलीला? चष्मेवाली हसली. दादा म्हणाले, लग्नाआधी मला सांगितलं होतं मुलीला स्वयंपाक येतो. वहिनी म्हणाल्या, मला सांगितलं होतं मुलगा गाडी चालवतो. गाडी चालवणारा माणूस दर रविवारी किल्ली शोधत घरभर फिरेल हे कोणी...

"हलू नका," चष्मेवाली ओरडली.

सगळे जागच्या जागी थिजले. वहिनींचे हात गाठीवरून नुकतेच निघाले होते. चष्मेवालीनं भिंग धरलं. गाठीच्या खालून, डावीकडून वर येऊन, पट्टीच्या कोपऱ्यावरून, एक चकचकीत बारीक फेरा. तारेपासून चार मिलिमीटर.

मग वहिनी हळूच म्हणाल्या, "म्हणजे हात बडबडीत असला की फेरा घालतो."

"हो," भाऊजी म्हणाले.

"मग त्या शेवटच्या दिवशी माझ्याशी बडबडत कोण होतं?"

भाऊजींचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला. त्या दिवशी ते तिथेच उभे होते, गाठीच्या डोक्यावर. तासभर त्यांची जीभ टाळूला लागली नव्हती. वहिनींच्या टोपीवरून, तोंडाच्या पट्टीवरून, पांढऱ्या कोटात त्या कशा शीतकपाटासारख्या दिसतात यावरून. चष्मेवालीनं चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. दादांनीही पाहिलं. सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

दुपारभर जुळीवर ताप चालला. सात सेकंद: गाठ गेली, फेरा जागेवर. बारा: फेरा जागेवर. प्रत्येक वेळी वहिनींनी पुन्हा बांधायचं आणि बांधताना तिघांनी त्यांच्याशी भांडायचं. भांडणाचे विषय संपत आले तेव्हा दादांनी सासूबाई काढल्या, आणि तो फेरा सगळ्यांत सुबक आला. एकोणीस सेकंदांना धागा आधी मऊ झाला, मग लांबला, मग पट्ट्या अशा उघडल्या की एकीनं भाऊजींच्या कानावरची पेन्सिल उडवली. वर वारा नाही, ताप उडून जात नाही, तरी गारठा आहे, असा सगळा हिशेब मांडून चष्मेवालीनं बावीस हा आकडा लिहिला. बॅटरीला बावीस एकदाच झेपणार होते.

संध्याकाळी सहा चाळीसला डबी परत आली. खिडकीतून कलतं ऊन येत होतं. खरखर. मग चोच. टक. टक. चष्मेवाली निरोप पाठवत राहिली, एकच निरोप, पुन्हा पुन्हा, निजलेल्याला हलवून उठवावं तसा. तिसऱ्या मिनिटाला टकटक थांबली.

ऐकलं तिनं, भाऊजी म्हणाले. की गेली, हे ते म्हणाले नाहीत. दादा मोठ्यानं सेकंद मोजू लागले होते. वहिनींनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, तेव्हा ते मनात मोजू लागले. ओठ हलत होते. वहिनी रेडिओकडे बघत नव्हत्या. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होत्या, आणि तो हात जणू शेजारच्या घरचं खोडकर पोर असावं तसा त्यांनी डाव्या हातात धरून ठेवला होता. बावीस होऊन गेले. तीस झाले. चाळीस.

मग खोली भरून आवाज आला. असा की चष्मेवालीनं दचकून रेडिओचं बटण मागे फिरवलं. मोठा, भरदार, कर्कश म्हणावा असा. पडद्यावर आकडे धावू लागले, ओळीमागून ओळ, तीन वर्षं साठवून ठेवल्यासारखे. भाऊजी मोठ्यानं वाचत होते: बॅटरी अर्धी. ऊन डाव्या अंगाला. अंगाचं तापमान शून्याखाली नऊ.

"एवढ्या गारठ्यात," वहिनी म्हणाल्या, आणि डोळ्यांना हातातला कोटच लावला. दादा म्हणाले, कोण म्हणतं ही घरची नाही, तोंड उघडलं आणि बंदच होईना.

पुढच्या आठवड्यात भाऊजी संध्याकाळी दुकानात आले. झाल्या प्रकाराचा अहवाल लिहायचा होता, आणि त्याबरोबर पुढच्या उपग्रहासाठी नियमांचा कागद. अहवालात बिघाडाचं कारण म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं: गाठ मारणाऱ्या व्यक्तीचं लक्ष प्राध्यापकांनी विचलित केलं. वहिनींनी ते दोनदा वाचलं. फेरा माझा आहे, म्हणाल्या, तो दुसऱ्याच्या नावावर जाऊ देणार नाही. हातातल्या शिवणाच्या खडूनं कागदावर लिहिता येत नाही म्हणून त्यांनी भाऊजींच्या कानावरची पेन्सिल घेतली आणि आपलं नाव वर लिहिलं, भाऊजींचं खाली ठेवलं.

मग नियमांचा कागद घेतला. सातवा नियम असा होता: गाठ बांधताना खोलीत कोणीही बोलू नये.

वहिनींनी जरा विचार केला. अख्खी खोली गप्प असली की आपल्याला गुदमरतं, म्हणाल्या. चष्मेवाली बोलली तर चालेल, ती कामाचं बोलते. हे आले तर तेही चालतील, त्यांचं बोलणं पंचवीस वर्षं कानावर पडतंय पण आत जात नाही. त्यांनी "कोणीही" हा शब्द खोडला, वर नेटक्या अक्षरात "दिरांनी" असं लिहिलं, आणि कागद भाऊजींपुढे सरकवला.

भाऊजींनी सही केली.